जाहिरात कुणाला दाखवायची आणि कुणाला नाही

पत्राचा सारांश: शिलाई मशीनची देखभाल आणि दुरुस्ती या विषयावर पत्रलेखिका आठ वर्षं ब्लॉग लिहीत आहेत. महिन्याला साधारण १८,००० पेज व्ह्यू होतात. सुमारे ४०० माणसं नेमाने वाचतात, त्यांतली बरीचशी न्यूजलेटरमधून येतात. होस्टिंग, डोमेन आणि न्यूजलेटर मिळून वर्षाला ९० डॉलर खर्च येतो. तो तरी निघावा म्हणून तीन महिन्यांपूर्वी त्यांनी ॲडसेन्स या गुगलच्या जाहिरात सेवेतल्या ऑटो ॲड्स, म्हणजे आपोआप जागा शोधून बसणाऱ्या जाहिराती, चालू केल्या. तीन महिन्यांत ३१ डॉलर जमले. मग दोन जुन्या वाचकांची पत्रं आली. एकाने लिहिलं, ‘ताई, तुमचं लिखाण आता शोधावं लागतं.’ दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळ्या जाहिराती बंद केल्या. त्या विचारतात, ‘पैसे हवे असतील तर वाचक गमवायचे, वाचक हवे असतील तर पदरचे घालायचे, एवढेच दोन रस्ते आहेत का?’

ताई,

त्या वाचकाचं वाक्य पुन्हा एकदा वाचा. ‘जाहिराती का लावल्या’ असं त्याने विचारलेलं नाही. लिखाण शोधावं लागतं, एवढंच तो म्हणतो आहे. तुम्ही त्याचा अर्थ ‘वाचकांना जाहिरात नको’ असा घेतलात आणि सगळंच बंद केलंत. त्याची तक्रार मात्र जाहिरातीच्या वागण्याची आहे, आणि ते वागणं दुरुस्त करता येतं.

त्या बंद केलेल्या ऑटो ॲड्सच्या दिवसांत तुमचं पान फोनवर कसं दिसत असेल ते बघू. कुणाच्या तरी मशीनमध्ये खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला आहे. सुईखालची पट्टी काढलेली आहे, एका हातात स्क्रूड्रायव्हर आहे, फोन टेबलावर टेकवून ठेवला आहे. बॉबिन केस कोणत्या बाजूने फिरवून बाहेर काढायची ती ओळ वाचता वाचता वरच्या रिकाम्या जागेत जाहिरात उतरते आणि ती ओळ निम्मा पडदा खाली सरकते. तेलकट बोटाने पान वर ढकलायला जावं तर बोट नेमकं जाहिरातीवर पडतं आणि भलतीच साइट उघडते. परत यावं तर तळाला एक पट्टी चिकटून बसलेली असते. या माणसाला राग येतो तो हातातलं काम तुटल्याचा.

जाहिरात उद्योगातल्याच कंपन्यांनी उभ्या केलेल्या ‘कोअलिशन फॉर बेटर ॲड्स’ या संघटनेने २०१७ मध्ये वाचकांना सर्वांत जास्त खटकणाऱ्या प्रकारांची यादी काढली. पॉप-अप, आवाजासकट आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, मजकुराआधी उलटी मोजणी करत थांबवून ठेवणाऱ्या जाहिराती, फोनवर लुकलुकणाऱ्या जाहिराती, पडद्याचा ३० टक्क्यांहून जास्त भाग अडवून चिकटून बसणाऱ्या जाहिराती असे प्रकार त्यात आहेत. १५ फेब्रुवारी २०१८ पासून क्रोम ब्राउझर हे निकष वारंवार मोडणाऱ्या साइटवरच्या जाहिराती अडवू लागला. दोन परिच्छेदांच्या मधली एक स्थिर चौकट या यादीत कुठेच नाही. मात्र यादीत नसलेलं सगळंच सुसह्य असतं असंही नाही. तळाची अँकर पट्टी आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना पूर्ण पडदा व्यापणारी व्हिनेट जाहिरात नियमांत बसतात, तरी नेमाने येणाऱ्या माणसाला त्या रोज टोचतात.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीतक आहे. वाचक म्हणजे सगळे एकच, असं धरून तुम्ही हिशेब मांडला आहे. तो जरा वेगळा मांडू. तीन महिन्यांत ५४,००० पानं वाचली गेली आणि ३१ डॉलर आले, म्हणजे हजार पानांमागे ५७ सेंट. यालाच आरपीएम म्हणतात. आता तुमचे ४०० नेमाचे वाचक महिन्याला प्रत्येकी पाच पानं वाचतात असं धरा. ती झाली २,००० पानं, एकूण वाचनाचा नववा हिस्सा. त्यांच्यापायी तुम्हाला महिन्याला मिळत होते १ डॉलर १५ सेंट. उरलेले ९ डॉलरहून जास्त पैसे येत होते ते गुंता सोडवायला सर्चमधून आलेल्या अनोळखी माणसांमुळे. ज्यांच्या नाराजीने तुमची झोप उडाली, त्यांना एकही जाहिरात दाखवली नसती तरी वर्षाचे ९० डॉलर निघाले असते.

म्हणून माझं म्हणणं असं: नेमाच्या वाचकांना जाहिरातींतून वगळा आणि सर्चमधून येणाऱ्यांना थोड्या, शांत, जागच्या जागी राहणाऱ्या जाहिराती दाखवा. असं वगळल्याने ॲडसेन्सच्या नियमांना कुठेही धक्का लागत नाही.

पण नेमाचा वाचक ओळखायचा कसा? पहिल्यांदा कुकीचा, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या खुणेचा, उपाय सुचतो: जो परत आला तो नेमाचा. त्यावर विसंबू नका. सफारी ब्राउझर पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेली कुकी फार तर सात दिवस ठेवतो. दर दहा दिवसांनी येणारा तुमचा आठ वर्षांचा वाचक त्याच्या लेखी दर वेळी नवाच असतो. वाचकांची मोजदाद करणाऱ्या ॲनालिटिक्समधला ‘परत आलेले’ हा आकडाही याच कारणाने कमी दिसतो. त्याहून भरवशाच्या दोन खुणा आहेत. पहिली खूण लेखाचं वय. नेमाचे लोक नवा लेख पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत वाचून टाकतात आणि सर्चमधले लोक बहुतेक जुन्या लेखांवर येतात. दुसरी खूण म्हणजे माणूस आला कुठून. न्यूजलेटर, आरएसएस फीड (नव्या लेखांची आपोआप मिळणारी यादी) किंवा थेट पत्ता टाइप करून आलेला आपला, सर्च इंजिनाकडून आलेला पाहुणा.

त्यामुळे मुखपृष्ठावर, ‘माझ्याविषयी’च्या पानावर आणि ३० दिवसांपेक्षा नव्या लेखांवर जाहिरात नको. वर्डप्रेसवर जाहिराती घालणाऱ्या प्लगइनांपैकी काहींत लेखाच्या वयाची आणि येण्याच्या वाटेची अट घालता येते. एक गोष्ट मात्र हमखास बिघडते. साइटवर कॅशे प्लगइन, म्हणजे तयार पान साठवून तेच पुढे देणारं प्लगइन, असेल आणि वाटेची तपासणी सर्व्हरवर होत असेल, तर पहिला पाहुणा सर्चमधून येतो, त्याच्यासाठी बनलेलं जाहिरातींसकट पान साठवलं जातं आणि पुढे तेच सगळ्यांना वाढलं जातं. ही तपासणी वाचकाच्या ब्राउझरमध्ये होईल असा पर्याय प्लगइनमध्ये शोधा. तो नसेल तर वाटेची अट सोडून द्या आणि फक्त वयाची ठेवा. वय दिवसाने बदलतं, त्यामुळे कॅशेचा घोळ तिथे फारसा होत नाही.

वाटेच्या अटीचा एक परिणाम असा, की सर्चमधून आलेल्या माणसाने तुमचाच दुसरा लेख उघडला तर तिथे जाहिरात दिसत नाही, कारण तो आता तुमच्याच पानावरून आलेला असतो. हे भरून काढायच्या मागे लागू नका. दुसरा लेख उघडणाराच पुढे नेमाचा वाचक होतो.

प्लगइन, कोड यांच्या भानगडीत पडायचं नसेल किंवा गुगलच्या ब्लॉगर या सेवेवर लिहीत असाल तर याहून सोपा मार्ग आहे. सर्चमधून सर्वांत जास्त वाचले जाणारे वीस जुने लेख काढा आणि जाहिरातीचा कोड फक्त त्या वीस लेखांत हाताने घाला. दुरुस्तीसारख्या विषयात मूठभर लेखच बहुतेक पाहुणे खेचून आणतात. दर तीन महिन्यांनी यादी बघून एखाद-दुसरा लेख बदला. एवढ्याने बहुतेक लहान ब्लॉगचं भागतं आणि पुढे काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते लगेच कळतं.

आता जागा. ऑटो ॲड्स बंदच ठेवा आणि ठरावीक आकाराची युनिट, म्हणजे जाहिरातीच्या चौकटी, स्वतः लावा. फोनसाठी ३०० × २५० पिक्सेल. ३३६ × २८० घेऊ नका: ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर दोन्ही बाजूंना १६ पिक्सेलचा समास सोडला की ३२८ उरतात, चौकट बाहेर डोकावते आणि अख्खं पान आडवं हलायला लागतं. १,२०० ते १,५०० शब्दांच्या लेखात दोन चौकटी पुरे, फार तर तीन. फोनवर जाहिरातींची एकूण उंची मुख्य मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांपुढे गेली तर ते त्याच यादीतल्या दोषांत मोडतं. ४,००० पिक्सेल उंचीच्या लेखात तीन चौकटींचे ७५० पिक्सेल होतात, म्हणजे १९ टक्के. तरी मी दोनच सुचवेन.

पहिली चौकट शीर्षकाखाली ठेवू नका. माणूस ज्या उत्तरासाठी आला आहे ते थोडंफार हाती पडल्यावर ती यावी. गुंत्याच्या लेखात ‘आधी दोरा कापा, चाक हाताने आपल्याकडे फिरवा, सुई वर घ्या’ इथपर्यंत मजकूर सलग जाऊ द्या. ‘हा गुंता का झाला’ हा भाग सुरू व्हायच्या आधी जी नैसर्गिक उसंत आहे, ती चौकटीची जागा. दुसरी लेख संपल्यावर, ‘हेही वाचा’च्या आधी. पायरी तीन आणि पायरी चार यांच्या मध्ये कधीच नको. फोटो आणि त्याच्या मथळ्याला चिकटूनही नको, कारण तिथे चुकून बोट पडतं. असे चुकून झालेले क्लिक ॲडसेन्स ओळखतं आणि त्यांचे पैसे कापतं, फार झाले तर खातंही धोक्यात येतं.

ओळ सरकण्याचा त्रास एका छोट्या बदलाने जातो. पान उघडतं तेव्हा जाहिरातीची जागा शून्य उंचीची असते. मग पाठीमागे जाहिरातदारांमध्ये त्या जागेसाठी क्षणभर लिलाव होतो, जिंकणारी जाहिरात येते आणि तेव्हा कुठे ब्राउझरला कळतं की इथे २५० पिक्सेल लागणार. तोवर माणूस वाचायला लागलेला असतो. म्हणून चौकटीभोवतीच्या डब्याला आधीच मिन-हाइट, म्हणजे किमान उंची, द्या: जाहिरातीचे २५० आणि वरच्या ‘जाहिरात’ या शब्दाचे २५ मिळून २७५ पिक्सेल. आपोआप आकार बदलणारं रिस्पॉन्सिव्ह युनिट वापरलं तर ही उंची आधी सांगता येत नाही, म्हणून ठरावीक आकार. कधी लिलावात कुणीच येत नाही आणि जागा रिकामी राहते. ती राहू द्या. मिटवायला गेलात तर ओळी पुन्हा हलतात, या वेळी वरच्या दिशेने. गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये ‘क्युम्युलेटिव्ह लेआउट शिफ्ट’ नावाचा, मजकूर किती सरकतो ते सांगणारा आकडा बघा: ०.१ किंवा त्याखाली चांगला, ०.२५ च्या वर वाईट. बदलाच्या आधीचा आणि नंतरचा दोन्ही लिहून ठेवा.

जाहिरातींत काय दिसतं यावरही तुमचा हात चालतो. ॲडसेन्समध्ये ब्लॉकिंग कंट्रोल्स आहेत, तिथे संवेदनशील प्रकार एकेक करून बंद करता येतात. झटपट श्रीमंती, वजन उतरवणं, डेटिंग हे बंद करा. जुगार चालू नाही ना तेही बघा. उत्पन्नाचा थोडा हिस्सा जाईल, जाऊ द्या. तुमच्या विषयात एक खास धोका आहे. तुमच्याकडे जुन्या मशीनची माहितीपुस्तकं उतरवून घ्यायची पानं असतील, तर तिथे मोठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण काढलेल्या फसव्या जाहिराती येतात. माहितीपुस्तक शोधणारा बिचारा तेच दाबतो आणि नको ते काहीतरी फोनवर घेऊन बसतो. त्या पानांवर जाहिरातच नको. इतर पानांवर अशी जाहिरात दिसली तर ॲड रिव्ह्यू सेंटरमध्ये जाऊन ती अडवा आणि त्या जाहिरातदाराचा पत्ताही ब्लॉक करा. सुरुवातीचा महिनाभर आठवड्यातून एकदा हे तपासा.

चौकटीवर ‘जाहिरात’ असं लिहा. ‘मला मदत करायची तर खालच्या जाहिरातीवर क्लिक करा’ असं चुकूनही नाही. त्याला नियमांत स्पष्ट मनाई आहे. स्वतः क्लिक करायचं नाही, घरच्यांनीही नाही. आणि तुमच्यावर माया असलेल्या वाचकांना हे आधीच सांगून ठेवा, कारण मदत म्हणून रोज पाच-पाच क्लिक करणारे तेच असतात आणि खाते बंद पडायला तेवढं पुरतं. युरोपीय आर्थिक क्षेत्रातून किंवा ब्रिटनमधून वाचक येत असतील तर १६ जानेवारी २०२४ पासून त्यांच्यासाठी कुकी वापरायची परवानगी विचारणारी, गुगलने मान्य केलेली संमतीची खिडकी लागते. ती ॲडसेन्सच्या खात्यातूनच तयार करता येते. फक्त त्या भागांतल्या लोकांनाच दिसेल अशी लावा, बाकीच्यांच्या तोंडावर कशाला?

आता पैशांचं खरं. ऑटो ॲड्समधल्या अँकर आणि व्हिनेट काढल्यावर उत्पन्न उतरणार. समजा आरपीएम ५७ वरून ४० सेंटवर आला. नेमाच्या वाचकांना वगळून उरलेल्या १६,००० पानांचे महिन्याला ६ डॉलर ४० सेंट, वर्षाचे ७७. खर्च ९०. तूट १३ डॉलरची. आणि डॉलरच्या खात्यात १०० जमल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, ते पुढच्या महिन्यात जमा होत राहतात. म्हणजे आधीचे ३१ धरूनही हातात पहिली रक्कम यायला जवळपास वर्ष लागेल. हे आधी माहीत असलं की तिसऱ्या महिन्यात धीर सुटून पुन्हा व्हिनेट चालू करावीशी वाटत नाही.

ही तूट भरायला मी आणखी जाहिराती सुचवणार नाही. एक प्रायोजक शोधा. शिलाई मशीनच्या सुया, पट्टे, बॉबिन विकणारा किंवा दुरुस्ती शिकवणारा कुणीतरी. त्याच्यासाठी महिन्याला तुमची १६,००० पानं वाचणारे अनोळखी पाहुणे सोन्यासारखे आहेत, कारण त्यातल्या बहुतेकांची मशीन आत्ता, या क्षणी अडलेली आहे. जाहिरातींचं जाळं ही गोष्ट हजार पानांमागे ५७ सेंटला विकत होतं. एका मोजक्या जागेचं महिन्याचं ठरावीक भाडं ठरवा, जाळ्यातून त्या जागेचं येणारं उत्पन्न हा तुमचा तळ समजा आणि त्याच्या तिप्पट मागून बघा. तीन महिन्यांचा करार लेखी करा: एक स्थिर चित्र, ५० केबीच्या आत, हालचाल नाही, वाचकाचा माग काढणारा कोड नाही, लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण, आणि तुमच्या लिखाणात एका शब्दाचाही हस्तक्षेप नाही. शेवटची अट लेखी असणं फार गरजेचं आहे. त्याच्या सुया वाईट निघाल्या तर तुम्हाला तसं लिहिता आलं पाहिजे. नाहीतर आठ वर्षं तुमच्या शब्दावर लोक सुया विकत घेत आले, ते संपेल. विक्रीवर कमिशन देणाऱ्या लिंक लावल्यात तर लेखाच्या सुरुवातीलाच तसं सांगा, तळटीपेत नको.

आणि त्याआधी त्या ९० डॉलरकडेही एकदा बघा. दुरुस्तीच्या ब्लॉगवर मोठमोठे फोटो असतात आणि जागा भरते म्हणून लोक महागडा होस्टिंग प्लॅन घेतात. फोनमधून आलेला ४ एमबीचा फोटो १,२०० पिक्सेल रुंदीचा करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फोटो-प्रकारात साठवला तर बहुतेक वेळा दोनशे केबीच्या आत येतो. एक प्लॅन खाली उतरता आलं तर १३ डॉलरची तूट तिथेच मिटेल.

हे सगळं एकदम करू नका. आधी वीस लेखांत एकेक चौकट, लेखाच्या शेवटी. चार आठवडे थांबा. मग वरची. प्रत्येक टप्प्यात आरपीएम बघा, त्याहून बारकाईने न्यूजलेटर सोडून गेलेल्यांची संख्या बघा आणि तुम्हाला येणारी पत्रं बघा. डिसेंबरची जानेवारीशी तुलना करू नका. वर्षाअखेर जाहिरातदार जास्त पैसे ओततात आणि जानेवारीत दर पडतात, त्यात तुमची काही चूक नसते.

वाचकांना न सांगता हे करू नये असं मला मनापासून वाटतं. तुम्ही जाहिराती गुपचूप लावल्या आणि गुपचूप काढल्या. त्या दोघांना अजून उत्तरही गेलेलं नसेल. पुढच्या न्यूजलेटरमध्ये चार ओळी लिहा, त्या दोघांना आदल्या दिवशी वेगळ्या पाठवा. साधारण अशा: ‘ब्लॉगचा वर्षाचा खर्च ९० डॉलर आहे. तो निघावा म्हणून काही जुन्या लेखांत दोन चौकटी असतील, त्यांवर जाहिरात असं लिहिलेलं असेल. नव्या लेखांत महिनाभर काही नसेल. मुद्दाम क्लिक करू नका, त्याने माझंच नुकसान होतं. वाचताना ओळ सरकली, काही झाकलं गेलं किंवा फसवी जाहिरात दिसली, तर स्क्रीनशॉट काढून मला पाठवा. मी ती त्याच आठवड्यात काढेन.’